पाण्यात धुऊ नये

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी दुकान उघडलं. तीन कोट, एक पडदा आणि शाळेच्या नाटकातला मखमली झगा आला. झग्यावर मेण सांडलेलं होतं, ते काढलं. दुपारी गवताचं पोतं आलं. संध्याकाळी पिंजरा साफ केला, दोन अंडी उकडली, जेवलो.

पत्र लिहायची मला सवय नाही हे तुला सांगायला नको. आजवर पत्रं आमची ही लिहायची आणि मी खाली 'बाकी ठीक' एवढं लिहून सही करायचो. परवा तू म्हणालीस की फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस आणि मला हल्ली तेवढं ऐकू येत नाही, त्यापेक्षा लिहून कळव. म्हणून बसलो आहे. 'बाकी ठीक' लिहिणारच आहे, पण त्याच्या वर काहीतरी असावं लागतं असं दिसतं.

तर हिच्या चिंचिलांबद्दल लिहितो. तू आली होतीस तेव्हा ते झोपलेले होते. दिवसा ते झोपतातच, त्यामुळे तू नुसते दोन राखाडी गोळे पाहिलेस. ही ज्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची तिथली एक नर्स गाव सोडून गेली, तिने जाताना हे दोघे हिच्या गळ्यात घातले आणि हिने आनंदाने घालून घेतले. अंगाने सशापेक्षा लहान, कान उंदराचे, शेपूट खारीचं आणि मिशा निवृत्त फौजदाराच्या. एकाचं नाव वकील, कारण काहीही झालं की तो भुंकून हरकत घेतो. दुसरा कारकून. समोर येईल तो कागद कुरतडतो आणि कशाबद्दल तक्रार करत नाही. नावं हिनेच ठेवली. मी त्यांना काही म्हणत नसे. आमचा संबंध येत नव्हता.

आता येतो. ह्या प्राण्यांना पाणी लावायचं नाही. केस इतके दाट की एकदा भिजले की आतून वाळत नाहीत आणि कातडी खराब होते. त्यांची अंघोळ धुळीत. राखेसारखी बारीक धूळ विकत मिळते, ती भांड्यात ओतायची आणि त्यांनी तीत लोळायचं. माझं सगळं आयुष्य लोकांच्या कपड्यांतली धूळ काढण्यात गेलं. आता मी धूळ विकत आणतो आणि ती सोफ्यावर, चष्म्यावर आणि चहावर बसते. ह्यांच्या पाठीवर लेबल शिवायचं झालं तर 'पाण्यात धुऊ नये' असंच लिहावं लागेल. ड्रायक्लीनिंगवाल्याच्याच घरी येऊन पडले आहेत, पण माझ्या यंत्रात काही त्यांना घालता येत नाही.

परवा वकिलाला पिंजऱ्यात परत घालताना जरा घट्ट धरलं. तो निसटला आणि केसांचा पुंजका माझ्या हातात राहिला. घाबरले की ते केस सोडून देतात असं नंतर कळलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या कोटाचा एक धागा माझ्या हातून गेला नाही.

मुख्य सांगायचं म्हणजे, त्यांना उष्णता सोसत नाही. घर दुकानाच्या वर असल्याने वाफेच्या इस्त्रीची सगळी ऊब हॉलमध्ये येते. उन्हाळ्यात तिथे ते जगायचे नाहीत. म्हणून एप्रिलअखेर त्यांना कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं आहे. हिच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई घ्यायला तयार आहेत.

बाकी ठीक. मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहे तो तसाच राहू द्यावास.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, कोट धुऊन मिळाल्याची पावती आली. उघडलं तर चांगलं भरलेलं पत्र. दोनदा वाचलं, मग तुझ्या मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, अरे, हा माणूस बोलतो की. मी म्हटलं, बोलत नाही, लिहितो. बोलायचं काम त्याने लग्न झालं त्या दिवशीच धाकटीवर सोपवलं.

तिच्या अक्षराची मला इतकी सवय होती की तुझं वाचताना मध्ये मध्ये थांबावं लागलं. ते असो.

मेहुणे दिवसभर पायाला पट्टी बांधून बसतात आणि सगळ्यांना सल्ले देतात. त्यांचं म्हणणं, खारी पाळायच्या असतील तर झाडावर पाळाव्यात. त्या खारी नाहीत हे मी तीनदा सांगितलं. आता ते त्यांना 'धाकट्याचे उंदीर' म्हणतात. ही सुधारणा समजावी.

मला एक कळलं नाही. माझी नोकरी सगळी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, जनावरांतलं मला काही कळत नाही. पण ज्याला गरम होतं त्याला गार खोलीत ठेवावं एवढं कळतं. तुझ्या मागच्या खोलीत एसी आहे ना? गेल्या उन्हाळ्यातच बसवलास. मग हॉलमध्ये त्या मुक्या जिवांना कशाला शिजवतोस?

आणि द्यायचे ते दातांच्या दवाखान्यात? जिथे शहाणीसुरती माणसं धीर सोडतात तिथे हे केस सोडणारे पाठवतोस? बाईंना सांग, आधी झाडू विकत घ्या.

उन्हाळ्यात इकडे ये महिनाभर. वरची खोली रिकामी आहे. यंदा तरी दुकानाचं कारण सांगू नकोस.

पोटभर जेवत जा. अंडं हे जेवण नव्हे. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज दुकानात गर्दी होती. हिवाळ्याचे कोट लोक आता धुवायला टाकतात. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या.

त्यांनी दोघांचे दात पाहिले. चिंचिलांचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्यांना सतत लाकूड कुरतडायला लागतं. ते न मिळालं तर दात इतके वाढतात की तोंड मिटत नाही. बाई म्हणाल्या, माझ्या सगळ्या पेशंटांना असे दात असते तर मी उपाशी मेले असते. वकिलाने त्यांच्यावर लगेच हरकत घेतली. त्या हसल्या. बाई चांगल्या आहेत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दिवसभर एसी चालतो आणि पिंजरा ठेवायला कोपरा आहे. रडणारी मुलं प्राणी पाहून गप्प बसतील असं त्यांना वाटतं.

कुरतडायला मी दुकानातला एक जुना लाकडी हँगर दिला. त्याला पॉलिश नव्हतं, ते आधी पाहून घेतलं. अर्धा संपला आहे. आता तो फक्त एका खांद्याच्या माणसाच्या कोटाला चालेल.

दिवेलागणीला पिंजरा उघडतो. मग ते हॉलभर उड्या मारतात, भिंतीला पाय लावून वळतात. ही सोफ्यावर बसली की तिच्या खांद्यावर चढायचे. माझ्या चढत नाहीत. वकील समोर उभा राहून बघतो. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही, त्यामुळे तो कशाची वाट बघतो ते उघड आहे. मी वर्तमानपत्र वाचतो. कारकून त्याची खालची कड वाचतो.

मागच्या खोलीतला एसी बंद आहे.

तिकडे यायचं म्हणतेस, पण ह्यांची सोय लागेपर्यंत घर सोडता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ गवत, पाणी, पिंजरा असतं. झोपायलाही मी हॉलमध्येच असतो, सोफ्यावर. तेच बरं पडतं.

बाकी ठीक. तू आणि मेहुणे दोघांचाही माझ्यावर लोभ आहे हे जाणून आहे.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

'एसी बंद आहे' हे एक वाक्य तू असं वेगळं, मोकळ्या जागेत लिहिलंस की ते मला आधी दिसलं. बंद आहे म्हणजे बिघडला आहे की लावला नाहीस? बिघडला असेल तर मेकॅनिक बोलव. लावला नसेल तर बटण भिंतीवर असतं.

मी काही म्हणत नाही, नुसतं विचारते. मोठ्या बहिणीला विचारायला परवानगी लागत नाही. तू लहानपणी पडलास की गुडघा झाकून घरी यायचास आणि लागलं का विचारलं की म्हणायचास, पँट मळली. तुझी उत्तरं मला नवीन नाहीत.

पूर्वी इकडे यायचं म्हटलं की तुझं दुकान आड यायचं. आता उंदीर आड येतात. जे तू महिन्याभरात देऊन टाकणार आहेस, ज्यांच्याशी तुझा संबंध नाही, जे तुझ्या खांद्यावर चढत नाहीत, त्यांना सोडून तुला एक रात्र बाहेर राहता येत नाही. मेहुण्यांनी हे ऐकलं आणि पट्टीचा पाय बदलून दुसऱ्यावर ठेवला. म्हणजे त्यांनाही पटलं.

सोफ्यावर झोपून पाठीची काय दशा झाली असेल ते मी न पाहता सांगते. तुझ्या वयाचा माणूस सोफ्यावर झोपतो तो एक तर भांडण झाल्यावर नाहीतर पाहुणे आल्यावर. तुझ्याकडे दोन्ही नाही.

रागावू नकोस. रागावलास तर दोन ओळी जास्त लिही. आमची माया कमी व्हायची नाही.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्या आठवड्यात दुकान तीन वेळा मध्येच बंद ठेवलं. इस्त्रीवाल्याने सांभाळलं. वकील आजारी आहे.

कसं झालं ते सांगतो. अंघोळीची धूळ संपली. दुकानदार म्हणाला, माल आठवड्याने येईल. मला वाटलं, धुळीचं काम काय तर केसांतलं तेल ओढून घ्यायचं. रेशमी साडीवर तेलाचा डाग पडला की आम्ही त्यावर शंखजिऱ्याची पूड टाकतो आणि ठेवून देतो. पूड तेल ओढून घेते, मग ती झटकायची. आजवर एकही साडी त्याने बिघडली नाही. काम तेच, म्हणून मी भांड्यात शंखजिऱ्याची पूड ओतली. उलट विकतच्या धुळीपेक्षा ही जास्त बारीक, जास्त स्वच्छ, असंही वाटलं. कारकून नुसता हुंगून परत गेला. वकील लोळला, चांगला लोळला.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे चिकटले, शिंका सुरू झाल्या. त्यानंतर त्याने गवत सोडलं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. शंखजिरं फार हलकं असतं, ते छातीत जाऊन बसतं. त्यांनी विचारलं, ही पूड वापरा असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही, अनुभवाने वापरली. ते म्हणाले, कसला अनुभव? मी म्हटलं, साड्यांचा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

साडी श्वास घेत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ह्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडी थांबतात आणि मग फार वेळ मिळत नाही. म्हणून गवताच्या पिठाची पातळ लापशी करून सिरिंजने थोडी थोडी भरवायची असते. सिरिंज कशी धरायची, गालाच्या बाजूने किती आत घालायची, गिळलं की नाही ते कसं बघायचं, हे डॉक्टर दाखवू लागले. मी पाहून घेतलं. मला येतं, असं सांगितलं नाही.

तो टॉवेलात बसतो. भुंकत नाही, काही हरकत घेत नाही. कारकून त्याला टेकून असतो, आणि मी त्याला उचलला की दारापाशी येऊन थांबतो. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांत स्वतःहून खायला लागला तर वाचेल.

तुझ्या पत्राला उत्तर नंतर देतो.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र आज मिळालं. लगेच लिहिते आहे, दुपारच्या टपालात जाईल.

कोमट असू दे. एका वेळी थोडंच दे. घाई करू नकोस. मान मागे जाऊ देऊ नकोस, नाहीतर घास श्वासात जातो. हे सगळं लिहिल्यावर लक्षात आलं की कुणाला शिकवते आहे. मी मागच्या वर्षी आठ दिवस तुझ्याकडे होते तेव्हा तू धाकटीला कसं भरवायचास ते दारातून पाहिलं आहे. ती तोंड फिरवायची, तू चमचा खाली ठेवून तिच्याशी दुकानातल्या गमती बोलायचास, मग पुन्हा उचलायचास. तू बोलायचास, हे मी मेहुण्यांना आजवर सांगितलेलं नाही. वॉर्डातल्या पोरींना तसं शिकवायला मी जन्म घालवला, जमलं नाही.

शंखजिऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू त्याला बरा माल द्यायला गेलास. स्वतः खा. एका ओळीचं का होईना, पत्र टाक.

तुझी,
ताई


१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वकील खातो. चौथ्या दिवशी सिरिंज पुढे केली तर त्याने ती दोन्ही हातांनी धरली, बाजूला सारली आणि हँगर कुरतडायला बसला. त्यानंतर माझ्यावर भुंकला. खटला उभा राहील असं दिसतं. कारकुनाने त्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी खाल्ली.

डॉक्टर म्हणाले, आता ह्याला उष्णतेपासून जपा, दुसरा धक्का सोसायचा नाही. उन्हं वाढली आहेत. डॉक्टरीणबाईंशी बोलून एक मेची सकाळ ठरवली आहे. त्या स्वतः येऊन घेऊन जातील. हे लवकर झालं तर बरं.

मी त्यांच्या दवाखान्यात जागा बघून आलो. एसी चांगला आहे, पण रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा तोही बंद. पिंजऱ्याच्या कोपऱ्याशेजारी माशांची काचेची टाकी आहे, म्हणजे ओल आली. समोरचा पडदा नायलॉनचा आहे, कारकून तो खाणार आणि तो पोटात अडकणार. आतल्या खोलीतल्या यंत्राचा आवाज बाहेर येतो. एक मुलगा सारखा काचेवर टकटक करत होता. बाईंना मी काही बोललो नाही. बाई मनाने चांगल्या आहेत.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. पाठ जरा दुखते.

बाकी ठीक. तुझ्या पत्राचा आधार वाटतो, तेवढा लोभ पुढेही असू दे.

तुझा,
धाकटा


२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वकील बरा झाल्याचं वाचून मेहुण्यांनी स्वतःहून चहा केला. अर्धा बशीत सांडला. ते आता त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतात.

दवाखान्याची तुझी पाहणी वाचली. मुलीचं स्थळ बघायला गेलेला बाप इतकी नावं ठेवत नाही. मासे ओले, पडदा नायलॉनचा, रविवारी सुट्टी. बाई चांगल्या आहेत हे मात्र तू प्रत्येक पत्रात लिहितोस. चांगल्या आहेत आणि तुला द्यायचे नाहीत, हे मला कळलं. बहुधा त्यांनाही कळलं असेल. कळायचं बाकी राहिलेलं माणूस एकच आहे.

मी आता सरळ लिहिते, कारण तू विचारलेल्याला उत्तर देताना पाठीवर जातोस. त्या दोघांना जगायला गार खोली लागते. ती तुझ्या घरात आहे. धाकटी गेल्यावर तू त्या खोलीचं दार लावलंस आणि सोफ्यावर जाऊन झोपलास. ते मला समजतं. तू लाव, वर्षभर लाव, मी काही म्हणणार नाही. पण त्यापायी तिचे प्राणी घराबाहेर जाणार असतील तर मग तो प्रश्न नुसता तुझा राहत नाही.

एकट्याने उघडवत नसेल तर मी येते. मेच्या मध्यावर मेहुण्यांचा पाय बरा होईल, मग गाडीत बसून येऊन पोहोचते. मी दार उघडीन, तू खाली दुकानात थांब. वॉर्डात असे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत, मला त्याचं काही वाटत नाही. वाटेल, पण ते मी बघून घेईन.

रागावलास तरी चालेल. आशीर्वाद कायम.

तुझी,
ताई


१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल हॉटेलचे टेबलक्लॉथ आले होते, त्यामुळे वाफेची इस्त्री सकाळपासून चालू होती. जेवायच्या सुट्टीत वर आलो. जिन्यातच भुंकणं ऐकू आलं. वकील असेल असं वाटलं. वकील नव्हता, कारकून होता. तो आजवर कधी भुंकलेला नाही. वकील पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पसरला होता, तोंड उघडं, कान लाल झालेले.

दोघांना कपड्यांच्या टोपलीत घातलं आणि मागच्या खोलीत नेलं. एसी लावला. लगेच लागला. बिघडलेला नव्हता. हवा गार झाल्यावर वकिलाला फरशीवर ठेवलं आणि त्याच्या बाजूला बसून राहिलो. इस्त्रीवाला खालून हाका मारत होता, त्याला म्हटलं, इस्त्री बंद कर. हॉटेलवाल्यांना काय सांगू, म्हणाला. सांग की मालक आजारी आहेत.

कान गुलाबी झाले, मग फिके. तो उठून बसला. कारकून त्याचे कान चाटत होता. मी कधीतरी फरशीवरून उठून पलंगावर बसलो असणार, कारण माझ्या बाजूला नाही, हिच्या बाजूला बसलो आहे हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. दार उघडलं की औषधांचा वास येईल अशी माझी समजूत होती. तसं काही नव्हतं. बंद खोलीचा वास होता. उशीवर धूळ होती, साधी, घरात असते तशी.

संध्याकाळी खिडकी उघडताना वकिलाने मला अडवून हरकत घेतली.

आज सकाळी डॉक्टरीणबाई नवा पिंजरा घेऊन आल्या. त्यांना सांगितलं की तुम्हाला त्रास दिला, पण मी ह्यांना देत नाही. त्या म्हणाल्या, मी पिंजरा दुकानातून परत करायच्या बोलीवरच आणला आहे. मग चहा झाला. वकील त्यांच्या खांद्यावर चढला. लगेच. मी कपबशा आत नेल्या. त्या जाताना म्हणाल्या, नीट राहिले तर अजून दहा-बारा वर्षं जगतील, तुमचा विचार झाला आहे ना? मी म्हटलं, माझा झाला आहे, त्या वेळी माझं वय काय असेल ते तुम्हीच मोजा. त्यांनी मोजलं असावं, कारण त्या दात काढून हसल्या आणि म्हणाल्या, मग उरले तर माझ्याकडे. असा करार झाला. कारकून साक्षीला होता.

तू मेच्या मध्यावर येते म्हणतेस तर ये. पण दार उघडायला म्हणून येऊ नकोस, ते झालं आहे. मेहुण्यांनाही आण, वकीलसाहेबांना भेटवतो. झोपायची मात्र तुमची दोघांची सोय हॉलमध्ये करावी लागेल, एक सोफ्यावर आणि एक गादीवर. मागची खोली ह्यांना दिली आहे आणि मीही तिथेच झोपतो. एसी रात्रभर चालतो, पांघरूण लागतं. पाठ बरी आहे.

तू मागच्या पत्रात लिहिलंस त्याचा राग आला नाही. थोडा आला होता.

मेहुण्यांना नमस्कार. इतकी वर्षं तुझा लोभ मी एका ओळीत घेत आलो, आता जरा जास्त जागा घेतो, तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायचं तसंच ठेवून गच्चीवर जाऊन आलो. पलंगावरचं सगळं सकाळी धुऊन टाकलं होतं, ते वाळलं. डबल पलंगाच्या चादरीला घडी घालायची तर दुकानात दोन माणसं लागतात, एक ह्या टोकाला आणि एक त्या. एकट्याने घालायची झाली तर मधला भाग हनुवटीखाली धरायचा, दोन्ही हात लांब करून कडा जुळवायच्या, मग हनुवटी उचलायची आणि अर्धी चादर पुढे पडू द्यायची. पहिल्यांदा वाऱ्याने सुटली. दुसऱ्यांदा जमली.